हलत्या भागांची संग्राह्य नाणी: घरात मांडायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझ्या बैठकीतल्या छोट्या काचपेटीत फिरणाऱ्या, उघडणाऱ्या आणि आतून खुळखुळणाऱ्या नाण्यांचा संग्रह आहे. तो बघून गेलेले लोक नंतर फोन करतात, आणि नांदेड, जालना, धाराशिवहूनही तेच तेच प्रश्न येतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच सविस्तर लिहून काढली. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, नाण्याला हलणारा भाग म्हणजे नेमकं काय? नाणं तर एकसंध असतं ना?

रोजच्या वापरातलं नाणं एकसंधच असतं. संग्राहकांसाठी काढलेल्या काही नाण्यांत मात्र एखादा सुटा भाग मुद्दाम बसवलेला असतो. सगळ्यात साधा प्रकार म्हणजे मधल्या आसावर फिरणारी चकती. दुसरा बिजागरीवर उघडणारा, लॉकेटसारखा. तिसऱ्यात काचेच्या खिडकीमागं खडे, वाळू किंवा होकायंत्राची सुई मोकळी असते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ टांकसाळीच्या ‘ट्रेझर्स ऑफ ऑस्ट्रेलिया’ मालिकेतल्या नाण्यांत खरी रत्नं अशीच मोकळी ठेवलेली आहेत, नाणं हलवलं की ती घरंगळतात. कॅनडाच्या टांकसाळीच्या ‘अँटीक कॅरोसेल’ नाण्यावर जत्रेतल्या घोड्यांचा चक्री पाळणा उभा आहे आणि तो फिरतो.

आणखी एक प्रकार यात गणला जातो, पण तो यातला नाही. नाणं तिरपं केलं की चित्र बदलतं, त्यावर बारीक रेघांचं भिंग बसवलेलं असतं. तिथं हलते ती आपली नजर, नाण्यातलं काहीच हलत नाही. त्याला या पानावरची बरीचशी काळजी लागत नाही, फक्त ऊन आणि ओरखडे यांपासून जपा.

२. हे आत्ताचं फॅड आहे का?

मुळीच नाही. सतराव्या-अठराव्या शतकात जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरातले कारागीर थेलर नावाचं चांदीचं मोठं नाणं मधून कोरून पोकळ करायचे आणि त्याला आतून मळसूत्र पाडायचे. नाणं पिळलं की डबीसारखं उघडायचं आणि आत रंगवलेली इवली चित्रं निघायची. साल्झबुर्गमधून हाकलून दिलेल्या प्रोटेस्टंट लोकांची कहाणी सांगणारं असं एक पदक १७३२ मध्ये ऑग्सबुर्गच्याच अब्राहाम रेम्सहार्टनं केलं. आपल्याकडचा ताईत किंवा कुडीची फिरकी ज्यांनी बघितली आहे, त्यांना ती करामत लगेच समजेल.

अमेरिकेच्या १८७३ पासूनच्या ट्रेड डॉलरचेही असे डबी-डॉलर झाले. कडेला ठरावीक जागी नख दाबलं की झाकण उघडतं. आणि २२ जून १९५३ रोजी ब्रुकलिनमध्ये पेपर टाकणाऱ्या एका मुलाच्या हातून पाच सेंटचं नाणं पडलं आणि दुभंगलं, तर आत आकड्यांची सूक्ष्म फिल्म! ते नाणं रशियन हेरगिरीतलं होतं. त्याचा उलगडा व्हायला १९५७ साल उजाडलं. त्या नाण्याला सुई घालून उघडण्यासाठी एका अक्षरात बारीक छिद्र पाडलेलं होतं.

आजच्या काळात रशियातल्या येकातेरिनबुर्गचा रोमन बूतीन हा कोरीवकाम करणारा कलाकार जुन्या डॉलरमध्ये स्प्रिंगा आणि कळा बसवतो. पण ते टांकसाळीचं काम नव्हे, एका माणसाच्या हातची कला आहे. विकत घेताना हा फरक लक्षात ठेवावा.

३. यावर डॉलर लिहिलेलं आहे. बँकेत चालेल का?

नाही. अशी बरीच नाणी निउए, कुक बेटं, पलाऊ अशा पॅसिफिकमधल्या चिमुकल्या प्रदेशांच्या नावानं निघतात. निउए आणि कुक बेटांचा व्यवहार न्यूझीलंड डॉलरमध्ये चालतो, पलाऊचा अमेरिकी डॉलरमध्ये. नाण्यावरचा आकडा कायद्यापुरता असतो. तुम्ही पैसे मोजता ते धातू, कारागिरी आणि मर्यादित संख्या यांचे. लातूरच्या बँकेत ते कुणी बदलून देणार नाही.

४. बैठकीतल्या शोकेसमध्ये ठेवलं तर चालेल?

चालेल, पण आपल्या भागाची धूळ आणि आपल्या भागाचं ऊन विचारात घेऊन.

आधी धूळ. सपाट नाण्यावर धूळ बसली तर ती वर दिसते. फिरत्या नाण्यात ती आसाच्या फटीत शिरते आणि तिथं काम करते. धुळीतले गारगोटीचे कण कठीणपणाच्या मोस मापावर ७ असतात, चांदी जेमतेम २.५. म्हणजे धूळ आत गेल्यावर तुम्ही चकती फिरवली की आतल्या आत पॉलिशपेपर घासल्यासारखं होतं. मार्च ते मे वावटळी सुटतात, दिवाळीनंतर कापसाची वाहनं आणि जिनिंगचा तूस असतो. सरकत्या काचांचं साधं शोकेस ही धूळ अडवत नाही, दोन काचांच्या मधली फट बोटभर असते. म्हणून नाणं आधी त्याच्या कॅप्सूलमध्ये (त्याच्या मापाची गोल, पारदर्शक प्लास्टिकची डबी), कॅप्सूल घट्ट झाकणाच्या ॲक्रिलिक डबीत आणि मग ती डबी शोकेसमध्ये, असं तिहेरी करा. ॲक्रिलिक कोरड्या फडक्यानं पुसू नका, घासल्यावर त्यात वीज भरते आणि ते धूळ ओढतं. किंचित ओलसर फडकं वापरा.

आता ऊन. लोक विचारतात, उन्हाळ्यात धातू फुगून नाणं अडकेल का? हिशोब करून बघा: ४० मिलिमीटरचं चांदीचं नाणं ३० अंशांनी तापलं तर सुमारे ०.०२ मिलिमीटर वाढतं. तेवढ्यानं नीट बनवलेलं नाणं अडकत नाही. नुकसान होतं ते प्लास्टिक, गोंद, रंग आणि द्रवाचं. पत्र्याच्या घरात वैशाखात कपाट आतून भट्टीसारखं होतं. तिथं मऊ पीव्हीसीची पाकिटं घाम फुटल्यासारखी चिकट होतात आणि नाण्यावर हिरवट थर धरतात. काचखिडकी बसवलेला गोंद सैल पडतो. पश्चिमेच्या भिंतीला शोकेस असेल तर जागा बदला. जमिनीलगतचा खण वरच्या खणापेक्षा थंड असतो, हे आपल्या घरांत कुणीही हात लावून ताडून बघू शकतं.

दिवा लावायचाच असेल तर खणाच्या बाहेरून एलईडी लावा, आतून नको.

५. उभं ठेवू की आडवं?

आत काय हलतं त्यावर ठरवा. होकायंत्राची सुई असेल तर आडवंच, नाहीतर सुई एका बाजूला टेकून राहते आणि तिचं टोक झिजतं. वाळू किंवा मोकळे खडे असतील तर उभं, म्हणजे ते खाली छान गोळा झालेले दिसतात. फिरती चकती थोडी मागं कललेली ठेवा, म्हणजे तिचा भार आसाच्या एकाच बाजूवर येत नाही. बिजागरीचं नाणं उघडं मांडून ठेवायचा मोह होतो, पण झाकण अधांतरी राहिलं की बिजागरी सैल होते. झाकणाखाली ॲक्रिलिकचा छोटा तुकडा टेकू म्हणून द्या किंवा बंदच ठेवा.

होकायंत्र किंवा चुंबकावर चालणारं नाणं असेल तर जवळ स्पीकर नको आणि चुंबकवालं मोबाइल कव्हरही नको.

६. दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून मोटरचा फिरता स्टँड घेऊ का?

साध्या नाण्याला चालतो. मोकळे खडे असलेल्या नाण्याला तो दिवसभर लावला तर खडे काचेवर सतत घासत राहतील, आणि मोटरमध्ये चुंबक असतो म्हणून होकायंत्रासाठी तर तो बादच. मी नाण्यामागं आरसा लावते. किराणा दुकानात मिळणारा हातातला आरसा पुरतो, फक्त तो नाण्यापासून दोन बोटं लांब ठेवा.

७. फिरवण्यासाठीच बनवलंय तर मग फिरवायचं किती? काहीजण म्हणतात कधीच हात लावू नका.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याबद्दल माझं मत ठाम आहे.

कधीच न फिरवलेलं फिरतं नाणं म्हणजे न वाजवलेली तंबोरी. ज्यानं त्या आसाची फट केसाइतकी बारीक ठेवली, त्याची कारागिरी चकती फिरते तेव्हाच दिसते. पण शुद्ध चांदी मऊ असते, सोन्याचा मुलामा त्याहून नाजूक, आणि तो सगळ्यात आधी घासणाऱ्या जागीच जातो. म्हणून मी मधला मार्ग ठेवला आहे. वर्षातून मोजक्या वेळा, ठरवून, माणसं जमली की नाणं बाहेर काढते. आमच्याकडे ते बहुतेक दिवाळीत आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सुटीला होतं.

त्या दिवशीची पद्धत अशी: पलंगावर जाड चादर, त्यावर पांढरं सुती कापड, दागिने आणि अंगठ्या काढलेल्या, पंखा बंद. हातात नायट्रिलचे पातळ मोजे. सुती मोजे घालू नका, त्यांचे धागे आसात आणि बिजागरीत अडकतात आणि मग ते काढणं मोठं काम होतं. नाणं कडेनं धरायचं आणि चकती बोटानं न ढकलता लाकडी दातकोरणीच्या बोथट टोकानं सरकवायची. किती फेरे हे मोजायची गरज नाही, पण अडखळल्यासारखं वाटलं की तिथंच थांबायचं. जोर लावायचा नाही. परत ठेवण्याआधी कॅमेऱ्याची रबरी फुंकणी असते तिनं फट फुंकायची. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे सूक्ष्म थेंब जातात आणि चांदीवर ठिपके उमटतात.

बाकीच्या दिवसांसाठी त्याच वेळी मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. जुना टॅब असेल तर शोकेसशेजारी तो व्हिडिओ चालू ठेवता येतो. पाहुण्याला नाणं फिरताना दिसतं आणि नाणं शांत बसलेलं असतं.

८. चकती अडकली आहे. थेंबभर तेल सोडू का?

नाही. खोबरेल नाही, शिलाई मशीनचं नाही, गंज सोडवायचा स्प्रेही नाही. तेल धुळीला धरून ठेवतं, चार महिन्यांत त्याचा मळ होतो आणि चकती कायमची बसते. माझं एक नाणं असंच गेलं. दुरुस्तीला दिलं, तिथं तेल सोडलं, आठवडाभर ते सुंदर फिरलं आणि पावसाळ्यानंतर हललंच नाही. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

आधी फुंकणी वापरा. मग नाणं उलटं धरून बोटानं कडेला हलकेच टिचक्या मारा, खडा किंवा धागा अडकला असेल तर पडतो. तरी सुटलं नाही तर भिंगाखाली बघा आणि दिसणारा धागा चिमट्यानं काढा. याच्या पुढं घरी काही करू नका. सोनाराकडं न्यायचं असेल तर एक गोष्ट स्पष्ट सांगा: डाग द्यायचा नाही, म्हणजे टाका मारायचा नाही. आच लागली की मुलामा, रंग आणि काचेचा गोंद तिन्ही जातात.

९. चांदी काळी पडली. चिंच लावू? पावडर? तयार लिक्विड?

यातलं काहीच नाही. पूजेच्या भांड्याची गोष्ट वेगळी. घासलं की नाण्याचा आरशासारखा पृष्ठभाग कायमचा जातो आणि संग्राहक ते एका नजरेत ओळखतो. शिवाय फिरत्या नाण्यात ते लिक्विड आसाखाली शिरतं, तिथून धुतलं जात नाही आणि आतून खात राहतं. काळेपणा हा हवेतल्या गंधकाचा थर असतो. तो वाढू नये म्हणून प्रश्न १० मधली काळजी घ्या, आहे तो राहू द्या. जुन्या चांदीला तो शोभतोही.

१०. डबीत आत काय अंथरू? आमच्या घरी घोंगड्याचा तुकडा आहे, चांदी त्यावर उठून दिसते.

दिसते खरी, पण घोंगडं लोकरीचं, लोकरीत गंधक असतं आणि तेच चांदी काळी करतं. रबर बँड, रबरी पट्ट्या, काही प्रकारची फोम यांचंही तेच. प्लायवूड आणि ताज्या व्हार्निशच्या कपाटातून आम्लाची वाफ येते, तेही टाळा. धुतलेलं, खळ गेलेलं पांढरं सुती कापड उत्तम. जुन्या पैठणीचा तुकडा अंथरावा असं कितीतरी जणी विचारतात. मन मोडवत नाही, म्हणून एक मार्ग सांगते: कॅप्सूल बंद ठेवून ती पैठणीवर ठेवा, नाणं थेट जरीवर नको.

जून ते सप्टेंबर डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. बाकीच्या महिन्यांत आपली हवा तशीच कोरडी असते.

११. गणपतीचं फिरतं नाणं आहे. लक्ष्मीपूजनाला पुजायचंय. देवघरात ठेवू का?

तुमची भावना मला कळते. माझ्या सासूबाईंनीही हेच विचारलं होतं. पण हळद, कुंकू आणि अक्षता फिरत्या नाण्याला फार बाधतात. कुंकवाची बारीक पूड आसात गेली की निघत नाही, आणि पंचामृताचा एक थेंब वाळला की चकती चिकटलीच. उदबत्ती आणि समईचा धूर चांदीवर तेलकट थर धरतो.

आम्ही असं करतो: नाणं कॅप्सूलमध्ये बंद, चौरंगावर मागच्या बाजूला उभं, समोर नेहमीचं चांदीचं नाणं. हळद-कुंकू आणि पाणी त्या नाण्याला, फूल कॅप्सूलसमोर. पूजा झाली की त्याच रात्री नाणं परत डबीत. देवघर ही त्याची कायमची जागा नव्हे.

१२. ग्रेडिंग करून घेऊ का?

विकायचं असेल तर विचार करा. एनजीसी आणि पीसीजीएस या अमेरिकी संस्था नाण्याला ७० पैकी गुण देऊन ते प्लास्टिकच्या बंद स्लॅबमध्ये ठेवतात. एकदा स्लॅबमध्ये गेलं की चकती फिरवायची सोय संपली. जाड नाणी आणि उंच शिल्प असलेली नाणी नेहमीच्या स्लॅबमध्ये मावत नाहीत, म्हणून आधी मापं विचारून घ्या. संग्रहात ठेवण्यासाठीच घेतलं असेल तर माझं उत्तर नको असं आहे. प्रश्न ७ मध्ये कारण आलंच.

१३. घरात लहान मुलं आहेत. त्यांना दाखवावं की लपवून ठेवावं?

दाखवा. पण हातात द्यायला वेगळं काही ठेवा. सोनाराच्या दुकानात चांदीची किंवा पितळेची भिंगरी करून मिळते, ती मुलांच्या हातात आणि नाणं तुमच्या हातात. अगदी लहान मूल असेल तर बारीक खडे आणि चुंबक गिळण्याचा धोका खरा आहे. ते नाणं कुलपातच ठेवा.

१४. सोनाराकडून चालू नाण्यातच असं काही करून घेता येईल का?

चालू भारतीय नाण्याला हात लावू नका. नाणी कायदा, २०११ प्रमाणे चलनातलं नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चांदीची कोरी चकती घेऊन स्वतःच्या कल्पनेनं पदक करून घ्या, त्यावर रुपया किंवा सरकारी चिन्ह नको. जालन्याच्या एका ओळखीच्या सोनारानं असं घडीचं पदक केलं, त्याची बिजागरी ठुशीच्या फाशासारखी आहे. परदेशी टांकसाळीच्या नाण्यापेक्षा मला ते जास्त आवडतं.

१५. दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग हलतोय. दुर्मीळ आहे का?

बहुतेक वेळा नाही. कुणीतरी ठोकून सैल केलेलं असतं. कॅनडात १९९६ साली दोन डॉलरचं दुहेरी धातूचं नाणं आलं, तेव्हा सुरुवातीच्या काही नाण्यांची मधली चकती निखळली आणि लोक मुद्दाम निखळवूही लागले. टांकसाळीत झालेली चूक आणि नंतर केलेली मोडतोड यांतला फरक भिंगाखाली कडेच्या ओरखड्यांवरून कळतो.

१६. आजीच्या माळेत कडी लावलेला हाली रुपया आहे. कडी हलते, म्हणजे हे पण हलत्या भागाचं नाणंच का?

हा प्रश्न लोहाऱ्याहून आला आणि मला फार आवडला. संग्राहकांच्या भाषेत नाही, कडी नंतर लावलेली आहे. पण निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत आपल्या भागात, हाच हाली सिक्का चालत होता. चारमिनारचं चित्र असलेले रुपये बायकांनी माळेत ओवले, गाठीला ठेवले. डाग दिलेल्या नाण्याला संग्राहकाकडं किंमत कमी मिळते हे खरं. म्हणून कुणी कडी काढून जागा घासून देतो म्हणेल, तर देऊ नका. कडी काढल्यावर डागाचा व्रण राहतोच, आणि माळही जाते. माळ उभी टांगू नका, डागावर ताण येतो. सुती कापडावर वर्तुळात पसरून काचेखाली ठेवा. नाणं शंभर वर्षांहून जुनं असेल तर ते पुरावस्तू ठरू शकतं, परवानगीशिवाय ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

१७. मुंबई किंवा हैदराबादच्या प्रदर्शनाला न्यायचंय. रेल्वेत काय काळजी घेऊ?

हलता भाग प्रवासात हलू द्यायचा नाही, एवढंच. देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्रभर खडखडाट असतो आणि चकती तितका वेळ फिरत राहते. कॅप्सूल आणि नाणं यांच्या मधल्या फटीत आम्लविरहित मऊ कागदाची घडी चकतीला टेकेल अशी बसवा. चिकटपट्टी नाण्याला लावू नका. खडे किंवा वाळूचं नाणं पिशवीत उभं न ठेवता आडवं ठेवा. पिशवी डोक्याखाली, सामानाच्या खणात नको. पोचल्यावर लगेच उघडू नका. वातानुकूलित डब्यातून थंड झालेलं नाणं मुंबईच्या दमट हवेत काढलं की त्यावर बाष्प धरतं. डबी तासभर तशीच राहू द्या, मग उघडा.